घमेलं, फावडं आणि हातोडा

मैदानावर हातोडाफेक करणारी माणसं ओळखायची तर सराव संपल्यावर बघावं. धावणारे सावलीत बसून पाणी पितात, लांब उडीवाले बुटातली वाळू झटकतात आणि आम्ही घमेलं-फावडं घेऊन खड्डे बुजवत फिरतो. 4 किलोचा लोखंडी गोळा पन्नास-साठ मीटरवर येऊन पडतो तेव्हा ओल्या जमिनीत मनगट बुडेल एवढं भोक पाडतो. पुरुषांचा हातोडा 7.26 किलोचा, त्याचं तर विचारूच नका. एका सकाळीत मैदानाचा तो तुकडा पार उकरून निघतो. म्हणून फुटबॉलवाल्यांना आम्ही नको असतो, क्रिकेटवाल्यांना त्याहून नको असतो, आणि पहाटे फेऱ्या मारायला येणाऱ्या आजी-आजोबांना आमची भीती वाटते. ती रास्तच आहे.

या खेळात माझी वीसेक वर्षं गेली. राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदकं मिळाली, देशाचा ब्लेझर अंगावर चढला, नोकरी लागली, त्या नोकरीवर घर उभं राहिलं. आता कुणी 'अनुभव सांगा' म्हणालं की माझ्या तोंडून आधी फेकींची गोष्ट निघत नाही, जागेची निघते. कुठे फेकू दिलं, कुठून हाकललं, कुणाला कसं मनवलं. आपल्याकडे हातोडाफेक हा निम्मा जागेचा खेळ आहे आणि उरलेला बराचसा पायांचा. ताकदीचा नंबर त्यानंतर लागतो. हे सांगितलं की लोकांना पटत नाही. माझ्या दंडांकडे बघून तर मुळीच नाही.

मी मूळची गोळाफेकीची. शाळेत एखादी मुलगी उंच आणि अंगानं भरलेली दिसली की तिच्या हातात गोळा द्यायची आपल्याकडे पद्धतच आहे, तसा माझ्याही दिला. कॉलेजात गेल्यावर बाकीच्या मुली उंच झाल्या आणि मी तेवढीच राहिले. तिथल्या सरांनी एकदा माझी फेक बघितली आणि तोंडावर सांगितलं, "गोळ्यात तुझं काही खरं नाही. पण पाय चांगलेत. हॅमर करून बघ."

करून बघायला हॅमर हवा. कॉलेजच्या स्टोअरमध्ये एकच होता, पुरुषांचा, गंजलेला, तारेला पीळ पडलेला. सरांनी 4 किलोच्या एका जुन्या गोळ्याला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कडी जोडून घेतली, कडीला साखळी आणि साखळीच्या टोकाला वाकवलेली सळई, मूठ म्हणून. नियमातल्या हातोड्याला साखळी नसते. त्याची तार एकसंध स्प्रिंग पोलादाची, कमीत कमी 3 मिलिमीटर जाडीची असते, गोळ्यापाशी ती फिरती राहील अशी जोडणी असते, आणि बायकांच्या हातोड्याची एकूण लांबी 119.5 सेंटिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. पण हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा माझ्या दृष्टीनं तोच हॅमर होता आणि तो फिरवताना अंगात काहीतरी भलतंच आनंदाचं संचारत होतं.

काही आठवड्यांनी कडीचं वेल्डिंग सुटलं. दुसऱ्या फेरीत. साखळी माझ्या हातात राहिली, मी पाठीवर आदळले आणि गोळा उलट्या दिशेला, व्हॉलीबॉलच्या कोर्टावरून उडत जाऊन पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बसला. परीक्षा चालू होत्या म्हणून कोर्टावर कुणी नव्हतं. भिंतीचा गिलावा ताटाएवढा निखळून पडला. सर मला उठवायला आले नाहीत. आधी टाकीपाशी धावत गेले, तिथं कुणी नाही हे बघितलं आणि कोर्टाच्या कडेला बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं: या मैदानावर हा प्रकार बंद. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

लोखंडाच्या गोळ्याला समोर कोण आहे हे कळत नाही. स्पर्धेत वर्तुळाभोवती जाळीचा पिंजरा असतो, जाळी निदान 7 मीटर उंच, पुढची दारं 10 मीटर, तरीही धोका संपत नाही. 2019 मध्ये केरळात एका ज्युनिअर स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी चालवली होती. भाले गोळा करायला उभा असलेला स्वयंसेवक, शाळकरी पोरगा, डोक्यात हातोडा बसून काही दिवसांनी गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी मला ते पडलेलं प्लास्टर आठवलं आणि जेवण गेलं नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना तंत्राच्या बाबतीत मी एकच गोष्ट दहादा सांगते, पण या बाबतीत एकदाच. वर्तुळात शिरलं की मोठ्यानं "हॅमर!" ओरडायचं, मैदानावरच्या प्रत्येक माणसानं मान वर केलेली बघायची आणि मगच मूठ धरायची. हे ज्याच्याकडून दोनदा राहिलं, त्यानं दुसरा खेळ शोधावा.

तर मैदान गेलं. आमचा भाग कवठेमहांकाळ-जतकडचा, दुष्काळी. पाणी नाही, पण माळ हवा तेवढा. माझे आण्णा गवंडी होते. सरांनी घरी येऊन त्यांना वर्तुळाची मापं सांगितली: व्यास 2.135 मीटर, म्हणजे सात फूट. कड लोखंडी पट्टीची. आतली जमीन कडेपेक्षा दोन सेंटिमीटर खाली आणि सपाट. आण्णांनी लोहाराकडून पट्टी वाकवून आणली, खिळा ठोकून दोरीनं गोल आखला आणि माळावर दोन दिवसांत कोबा घालून दिला. घरातल्या जमिनीला करतात तसा थापीनं घोटून घोटून गुळगुळीत केला. सर त्यावर पाय घासत म्हणाले, "आण्णा, पोरगी घसरून पडंल हो यावर."

मग सुरू झालं घासणं. गुळगुळीत असेल तर टाच सरकते, खरबरीत असेल तर बूट अडकतो आणि फिरणारं अंग गुडघ्यात पिळतं. दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं, आणि ते कुठल्या मापानं मोजतात हे पुस्तकात नाही. आण्णांनी तारेचा ब्रश, पॉलिशचा दगड, पुन्हा सिमेंटचा पातळ हात, सगळं करून बघितलं. पुढे पुढे ते कडेला बसून माझ्या बुटाचा आवाज ऐकायचे. "आज खरखर जास्त यायलीय," असं म्हणून संध्याकाळी दगड घेऊन बसायचे. माझी फेक किती गेली हे त्यांनी फारसं कधी विचारलं नाही. कितीतरी वर्षांनी माझी स्पर्धा बघायला ते पुण्याला बालेवाडीला आले होते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल, केवढं मोठं. पदक वाटप झालं, मैदान रिकामं झालं, तसे ते परवानगी मागून वर्तुळात गेले, उकिडवे बसले आणि तळहात फिरवून बघितला. "बरं केलंय," म्हणाले. माझ्या पदकाबद्दलही त्या दिवशी एवढंच बोलले असते तर मला चाललं असतं, पण ते काही बोलले नाहीत.

माळावर पिंजरा नव्हता. धाकटा भाऊ उंचवट्यावर उभा राहून माणसं आणि मेंढरं अडवायचा. आमच्याकडे धनगरांचे कळप येतात, त्यांना आमचं वेळापत्रक पाठ झालं होतं. त्यातले एक म्हातारबाबा काठी टेकून लांब उभे राहायचे आणि माझ्या फेकी बघायचे. मी तेव्हा फार ओढाओढी करत असे. गोळा लांब जावा म्हणून दंडांनी खेचायचे, खांदे वर चढवायचे, दात आवळायचे. सर कंठशोष करून सांगत, 'ओढू नको, ओढू नको'. ते कानापर्यंत पोचायचं, खांद्यापर्यंत पोचत नसे. एक दिवस म्हातारबाबा जवळ आले आणि म्हणाले, "पोरी, गोफण कधी फिरवली न्हाईस व्हय? गोफणीला जोर लावला की धोंडा पायाशी पडतोय. मनगाट सैल सोड की." त्यांनी कमरेची गोफण काढून एक खडा भिरकावला. हातात कसलीही घाई नव्हती, आणि खडा कुठल्या कुठे गेला.

हातोडाफेकीचं सगळं तंत्र त्या खड्यात होतं असं मी म्हणणार नाही, कारण गोफण फिरवताना माणूस उभा असतो आणि आम्ही स्वतः फिरतो. पण हात ओढायला नसतात, धरून ठेवायला असतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोन किंवा तीन वेळा डोक्याभोवती हातोडा घुमवायचा, मग तीन किंवा चार फेऱ्या. उजव्या हाताच्या माणसानं डावीकडून फिरायचं, डावा पाय टाचेवर आणि मग चवड्यावर, उजवा पाय उचलून पुन्हा टेकवायचा. दोन्ही पाय जमिनीवर असतात तेव्हाच गोळ्याचा वेग वाढवता येतो. एका पायावर असताना आपण नुसते त्याच्याबरोबर वाहत असतो. म्हणून उजवा पाय जेवढा लवकर खाली, तेवढा वेळ कामाचा. वेग वाढला की ओढ वाढते, आणि ती वेगाच्या वर्गानं वाढते: वेग दुप्पट, ओढ चौपट. जागतिक दर्जाच्या पुरुषाच्या हातून हातोडा सुटताना ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावत असतो आणि त्या क्षणी तो माणसाला तीनशे किलोहून जास्त ताकदीनं बाहेर खेचत असतो. तीनशे किलोशी दंडानं कोण झगडणार? तिथे टाच रोवून, कंबर खाली घेऊन, अंगाचं सगळं वजन उलट बाजूला टांगून राहायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं ती फिरवतेय. खरं तर अर्ध्या फेरीनंतर कोण कुणाला फिरवतंय हे सांगणं कठीण असतं.

गावात या सगळ्याची चर्चा होतीच. गोळाफेक लोकांनी ऐकलेली, थाळीफेक ऐकलेली. हे साखळी धरून गरगर फिरणं बघून मला कसली बाधा झाली आहे का, अशीही शंका एकीनं घेतली. आज्जीला ते लागलं. मग सरांनीच एक दिवस तिला सांगितलं की टीव्हीवरच्या महाभारतातला भीम हाच खेळ खेळायचा. थाप नव्हती ती. प्रवीणकुमार सोबती हे अभिनयात येण्याआधी देशाचे नामांकित फेकपटू होते; 1966 च्या किंग्स्टन राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी हातोडाफेकीत रौप्य मिळवलं आणि त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीत सुवर्ण व हातोडाफेकीत कांस्य. आज्जीला वर्षं आणि गावं कळली नाहीत. "भीमाचा खेळ हाय व्हय," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर तेच सांगत सुटली. मला 'भीमाक्का' नाव पडलं. मी चिडल्यासारखं करायचे. मनातून आवडायचं.

भीम पुरुष होता, हे मात्र सोयीस्कर. बायकांची हातोडाफेक ऑलिंपिकमध्ये आली 2000 साली, सिडनीत. पुरुषांची 1900 पासून आहे. शंभर वर्षांचा फरक. सिडनीतली पहिली विजेती पोलंडची कामिला स्कोलिमोव्स्का, वय वर्षं सतरा, फेक 71.16 मीटर. मी तेव्हा शाळेत गोळा फेकत होते आणि असा काही खेळ बायका खेळतात याचा मला पत्ता नव्हता. कामिला 2009 मध्ये अगदी तरुणपणी गेली. तिच्याच देशाची अनिता व्लोदार्चिक पुढे तिचा हातमोजा घालून फेकायची. 82.98 मीटर हा जागतिक विक्रमही अनिताचाच, 2016 चा. आमच्या देशात बायकांचं चांगलं अंतर साठ ते पासष्ट मीटर. हा फरक मला लपवावासा वाटत नाही. आमच्या मुलींचे दंड कमी पडतात असं कुणी म्हणालं तर मात्र मी भांडते. पोलंडमधल्या मुलीला पिंजरा असलेलं वर्तुळ पोरवयातच मिळतं. आमची मुलगी विशीपर्यंत दुसऱ्याच्या मैदानावर उधारीनं फेकते.

हातमोजा डाव्या हाताला. मूठ बोटांच्या मधल्या पेरांवर धरायची आणि उजवा हात त्यावर. बोटांची टोकं उघडीच ठेवावी लागतात, तसा नियम आहे. सुरुवातीच्या काळात बोटांची कातडी फाटायची, भाकरी थापताना मीठ लागून डोळ्यांत पाणी यायचं. नंतर घट्टे पडतात आणि काही वाटेनासं होतं. बघायला आलेल्या एका घरातल्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. ते स्थळ तिथंच संपलं. ज्यांनी नंतर होकार दिला, त्या घरात सासरे सुतार होते, त्यांनी घट्टे बघून फक्त विचारलं, "कापूर-तूप लावतेस का?"

कारकिर्दीतली सगळ्यात अवघड वर्षं हरण्याची नव्हती, फेऱ्या बदलण्याची होती. सरांकडे एक सीडी होती, 1986 च्या स्टुटगार्ट युरोपियन स्पर्धेची. सोव्हिएत संघाचे दोघे, युरी सेदिख आणि सर्गेई लित्विनोव. सेदिख तीन फेऱ्या घ्यायचा, लित्विनोव चार. त्या दिवशी सेदिखनं 86.74 मीटर फेकला, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. लित्विनोव बरोबर एक मीटर मागे राहिला. दोन वर्षांनी सोलच्या ऑलिंपिकमध्ये लित्विनोव पहिला आणि सेदिख दुसरा. म्हणजे तीन बरोबर की चार, याचं उत्तर त्या सीडीत नव्हतं. मी तीनवर शिकले होते, तीनवर राष्ट्रीय पदक आणलं होतं आणि मग अंतर एका जागी रुतून बसलं. दोन मोसम गेले, काही सेंटिमीटर इकडे, काही तिकडे. सर म्हणाले, चौथी घेऊ.

चौथी फेरी म्हणजे आधीच्या तिन्ही विसरून पहिल्यापासून शिकणं. सुरुवात हळू करावी लागते, आणि मला हळू सुरुवात करायची सवयच उरली नव्हती. शिवाय प्रत्येक फेरीत पाऊल थोडं पुढे सरकतं. चार फेऱ्या सात फुटांत बसल्या पाहिजेत. पाय मोठे असणारे पहिली फेरी चवड्यावर घेऊन जागा वाचवतात. माझे पाय लहान, तेवढी सोय. पण चौथ्या फेरीत वेग असा यायचा की त्याची मला सवय नव्हती; मी कडेबाहेर जायचे नाहीतर गोळा जाळीत. जाळीत आपटलेल्या हातोड्याचा तो बद्द आवाज पोटात बसतो. पूर्ण मोसम माझं नाव निकालपत्रात खालच्या ओळींत होतं. ऑफिसातले, नात्यातले, एक-दोन जुने खेळाडू, सगळ्यांनी तीनवर परत जा म्हणून सांगितलं. त्यांच्या सांगण्यात तथ्य होतं, कारण नोकरीतली बढती पदकांवर होती. मी परत गेले नाही, यात शौर्य वगैरे काही नव्हतं. चौथ्या फेरीत कधीतरी, दहात एखादी फेक अशी लागायची की हातोडा सुटला हे मला कळतच नसे, फक्त मुठीतलं वजन नाहीसं व्हायचं. ती चटक होती. पुढच्या वर्षी त्यातून माझी सगळ्यात लांब फेक आली आणि तिच्यावर राष्ट्रीय सुवर्ण.

स्पर्धेतली एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. आपला हातोडा आपण नेऊ शकतो, पण आधी तो तपासणीला द्यावा लागतो. वजन, व्यास, लांबी, सगळं मोजतात. तार वापरून वापरून ताणली जाते, दोन-चार मिलिमीटर जास्त भरली की हातोडा बाद, म्हणून आम्ही वेगवेगळ्या लांबीच्या तारा पिशवीत घेऊन फिरतो. तपासून पास झाला की तो हातोडा गाड्यावर ठेवतात आणि मग तो त्या स्पर्धेपुरता सगळ्यांचा. नोकरीला लागल्यावर दोन पगारांची रक्कम घालून मी एक परदेशी हातोडा घेतला होता, अगदी बाळासारखा जपलेला. पहिल्याच स्पर्धेत हरियाणाच्या एका मुलीनं शेवटच्या फेकीला गाड्यावरून नेमका तो उचलला आणि मला मागे टाकलं. माझ्याच हातोड्यानं. मग टॉवेलनं पुसून, तार सरळ करून माझ्या हातात आणून दिला आणि म्हणाली, "दीदी, बहुत अच्छा है।" मला हसावं की रडावं कळेना. पुढे कित्येक वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींचे हातोडे वापरले, तारा, टेप आणि शिबिरातली खोलीही वाटून घेतली. फेकणाऱ्यांमध्ये हे असतं. पिंजऱ्यात प्रत्येकीला एकटीनं जावं लागतं, मिनिटभरात फेक सुरू करावी लागते. बाकी सहाही फेकी होईपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसून कुणाचा पाय उशिरा पडला यावर बोलत असतो.

औषधांबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. ताकदीच्या खेळांभोवती ती घोटाळत असतातच. एका जिममध्ये एक माणूस भेटला होता, फार अदबीनं बोलणारा. "मॅडम, एक कोर्स, चार मीटर कुठे जात नाहीत." मी नाही म्हटलं, ते तत्त्वापेक्षा भीतीनं. नोकरी जाईल, आण्णांना काय सांगू, गावात तोंड कसं दाखवू, अशी साधी भीती. तत्त्व नंतर आलं, भीतीच्या मागून. सेदिखच्या काळात आजच्यासारख्या, स्पर्धा नसताना पहाटे दारात येऊन उभ्या राहणाऱ्या चाचण्या नव्हत्या. आम्हाला मात्र कुठल्या दिवशी कुठे असू हे कळवून ठेवावं लागे, आणि परक्या बाईच्या नजरेसमोर बाटली भरावी लागे. त्यात लाज वाटायची तेवढे दिवस वाटली. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा अ‍ॅड्रिअन अन्नुश पहिला आला होता, 83.19, जपानचा कोजी मुरोफुशी दुसरा, 82.91. चाचणीच्या प्रकरणात अन्नुश बाद झाला आणि सुवर्ण मुरोफुशीला मिळालं. लोक म्हणतात न्याय झाला. झालाच. पण त्या रात्री भरलेल्या मैदानात ज्याचं राष्ट्रगीत वाजलं तो दुसराच होता, आणि ती रात्र कुणालाच परत देता आली नाही. मुरोफुशीचे वडीलही हातोडाफेक करणारे. आशियाई स्पर्धेत ओळीनं पाच सुवर्णं. त्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार केला आहे.

नोकरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्रीडा कोट्यातून मिळाली, टेबलाचं काम, पहाटे सराव आणि नंतर ड्यूटी. बदली झालेल्या शहरात पुन्हा जागेचा शोध. तिथल्या स्टेडियमवर पिंजरा होता, पण माळीबुवांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बाहेर काढलं. हिरवळ त्यांनी हातानं लावलेली होती. त्यांच्याशी वाद घालायला मी गेले नाही. खड्डे कसे भरायचे हे त्यांनाच विचारलं. नुसती माती लोटली तर पावसात ती खचते आणि दुसऱ्या दिवशी धावणाऱ्याचा पाय मुरगळतो. तळाला खडीची चूर, वर पोयटा, तो चोपून त्यावर गवताच्या काड्या आणि पाणी. हे त्यांनी शिकवलं. मी आणि माझ्याबरोबरच्या दोन पोरांनी महिनाभर तेच केलं, फेकी कमी आणि खड्डे जास्त. नंतर त्यांनी स्वतःहून पहाटेची वेळ दिली आणि मैदानाचा कुठला भाग या आठवड्यात 'विश्रांतीला' आहे हे खडूनं पाटीवर लिहून ठेवायला लागले. क्रीडाधिकाऱ्यांच्या सहीनं जे मला मिळत नव्हतं ते त्या पाटीवर मिळालं. आजही नव्या ठिकाणी गेले की मी आधी कार्यालयात जात नाही, माळी शोधते.

पाठ गेली, तसं फेकणं सुटलं. वर्षानुवर्षं एकाच बाजूला फिरून माझ्या पाठीच्या दोन बाजू वेगळ्या झाल्या आहेत. शिंप्याला ब्लाउज शिवताना ते आधी कळतं. मणक्यातली चकती सरकली, सहा महिने झोपून, मग थोडं, मग पुन्हा. शेवटची स्पर्धा कोणती ते मला नीट सांगता येत नाही, कारण ती शेवटची आहे असं त्या दिवशी ठरलेलं नव्हतं. निरोपाचा हार-तुरा झाला नाही. मला त्याचं वाईट वाटलं का? थोडं वाटलं.

आता तालुक्याच्या ठिकाणी मुलं येतात, त्यांना शिकवते. पहिले काही महिने हातोडा देतच नाही. काठी धरून फेऱ्या, मग पिशवीत वाळू भरून फेऱ्या. पोरं कंटाळतात, काही भालाफेकीकडे जातात. नीरज चोप्रापासून भाल्याला तोटा नाही, आणि भाल्यानं मैदानात खड्डाही पडत नाही, त्यामुळे त्यांचं मैदानवाल्यांशीही जमतं. आमच्याकडे टिकतात ती हट्टी पोरं.

सध्या त्यातली एक डावखुरी आहे. ती उजवीकडून फिरते, म्हणजे पिंजऱ्याचं दार तिच्यासाठी दुसऱ्या बाजूचं ओढावं लागतं, हातमोजा उजव्या हाताला, सगळं उलटं. माझ्या अंगात जे काही मुरलंय ते तिच्या उपयोगाचं नाही. व्हिडिओ आरशात धरून बघितला, कागदावर पावलं काढली, तरी समजावताना माझीच जीभ डावं-उजवं करताना अडखळते. शेवटी एके दिवशी काठी घेऊन तिच्यासमोर उजवीकडून फिरून दाखवायला लागले. इतकी वर्षं डावीकडे फिरून एकदाही डोकं गरगरलं नव्हतं. उजवीकडे दुसऱ्याच फेरीत मी कडेवर बसले, मैदान डोळ्यांसमोर फिरत होतं. पोरगी हसून हसून बेजार. "मॅडम, उजवा पाय," ती म्हणाली, मग थांबून, "नाही, डावा. लवकर टेका." बरोबर सांगत होती. उठून पुन्हा फिरले. तीन फेऱ्यांपर्यंत आता जमतं. चौथी तिलाही अजून येत नाही आणि मलाही.